सेंट लुशिया एका दिवसात: गाडी ठरवण्याआधीचे प्रश्न

गेल्या अंकात कॅरिबियन समुद्रातल्या क्रूझबद्दल लिहिताना आम्ही म्हटलं होतं, की सेंट लुशिया बेटावर जहाजाच्या पन्नास जणांच्या बसपेक्षा स्वतःची गाडी आणि गाईड ठरवावा. त्या एका वाक्यावर पुण्यातून बरीच पत्रं आली. त्यातले प्रातिनिधिक प्रश्न इथे घेतले आहेत.

आधी बेटाचा अंदाज यावा म्हणून थोडं. सेंट लुशिया उत्तर-दक्षिण सुमारे ४३ किलोमीटर लांब आणि २३ किलोमीटर रुंद आहे, क्षेत्रफळ ६१७ चौरस किलोमीटर. पुणे महापालिकेच्या हद्दीपेक्षा मोठं, पण फार नाही. राजधानी कॅस्ट्रीज वायव्य किनाऱ्यावर, मोठा विमानतळ हेवानोरा अगदी दक्षिण टोकाला, आणि बघण्यासारखं बहुतेक सगळं नैर्ऋत्येला सूफ्रिएर गावाच्या आसपास. मध्ये ९५० मीटर उंचीच्या माउंट जिमीपर्यंत चढत गेलेले डोंगर. नकाशावर अंतरं चिमुकली दिसतात, आणि तिथेच बहुतेकांचा हिशेब चुकतो.

प्रश्न (कोथरूड): आमचं जहाज कॅस्ट्रीजला सकाळी ८ ला लागतं आणि संध्याकाळी ५ ला सुटतं. आम्ही दोघं आणि सासू-सासरे, वय ६८ आणि ७३. सासूबाईंचे गुडघे दुखतात. गाडीवाल्याने ११ ठिकाणांची यादी पाठवली आहे. एवढं सगळं होईल का?

उत्तर: नाही होणार. ११ पैकी ४ ठिकाणं निवांत होतील, आणि ती चारच घ्यावीत असा आमचा आग्रह आहे.

तुमच्या हातात ९ तास नाहीत. ८ ला जहाज लागतं म्हणजे तेव्हा दोर बांधतात. स्थानिक अधिकाऱ्यांची परवानगी मिळून लोक उतरायला लागेपर्यंत साडेआठ होतात. ५ ला सुटतं म्हणजे साधारण साडेचारला सगळे आत हवेत. नेमकी वेळ आदल्या रात्री खोलीत येणाऱ्या पत्रकात छापलेली असते. दुसरी गोष्ट म्हणजे जहाजाचं घड्याळ. काही जहाजं निघालेल्या बंदराची वेळ पूर्ण प्रवासभर ठेवतात, काही प्रत्येक बेटावर बदलतात. सेंट लुशियाची वेळ भारताच्या साडेनऊ तास मागे असते आणि वर्षभर तीच राहते. अमेरिकेत उन्हाळ्यात घड्याळं पुढे करतात तेव्हा मायामीची आणि बेटाची वेळ एक होते, हिवाळ्यात मायामी एक तास मागे असते. गाईडला ‘९ वाजता’ सांगताना कोणाचे ९ ते ठरवून घ्या. या एका तासाच्या गोंधळात माणसं खरोखर मागे राहतात. जहाजाने स्वतः विकलेली सहल उशिरा परतली तर जहाज थांबतं, तुमच्या खासगी गाडीसाठी थांबत नाही.

आता रस्ता. कॅस्ट्रीज ते सूफ्रिएर हवाई अंतर २० किलोमीटरच्या आत, पण गाडीला सव्वा ते दीड तास लागतो. पश्चिम किनाऱ्याचा हा रस्ता कुल-द-साक आणि रोझो या केळीच्या खोऱ्यांत उतरतो, चढतो, आन्स ला रे या मच्छीमार गावापाशी समुद्राला भेटतो, पुन्हा चढतो, कॅनरीजला उतरतो, पुन्हा चढतो. वरंध घाटाची सवय असलेल्यालाही वळणं जाणवतील. गाडी लागत असेल तर गोळी निघण्याआधी अर्धा-पाऊण तास घ्यावी. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली गोळी फारशी उपयोगी पडत नाही. वडीलधाऱ्यांना पुढच्या सीटवर बसवा.

खासगी गाडीचा खरा फायदा एसी किंवा मोकळी सीट नव्हे, तर क्रम आपल्या हातात असणं. जहाजाच्या बसेस जाताना प्रत्येक निसर्गदृश्यापाशी थांबत जातात आणि अकरानंतर सूफ्रिएरला एकदम गर्दी करतात. तुम्ही उलट करा. जाताना कुठेही न थांबता थेट सूफ्रिएर गाठा आणि फोटोचे थांबे परतताना घ्या. पावणेनऊला निघालात तर सव्वादहाला गंधकाच्या झऱ्यांपाशी पोहोचाल. तिथे सव्वा तास. मग दहा मिनिटांवरची डायमंड बाग आणि धबधबा, पाऊण ते एक तास. साडेबाराला सूफ्रिएरमध्ये जेवण. पावणेदोनला परतीला लागायचं. गावाच्या उत्तरेला चढावर पितॉं नावाच्या दोन जोडशिखरांचं दृश्य दिसतं तिथे १० मिनिटं, कॅनरीजजवळ कसावा या कंदाच्या भाकरीसाठी १५ मिनिटं, मॅरिगो खाडीच्या दृश्यापाशी १० मिनिटं. पावणेचारपर्यंत धक्क्यावर.

‘अजून पाऊण तास शिल्लक आहे की’ असं वाटेल. तो शिल्लक ठेवायचाच आहे. या रस्त्यावर एक ट्रक अडला किंवा दरड आली तर दुसरा मार्ग सूफ्रिएरहून दक्षिणेला व्हियो फोर आणि तिथून पूर्व किनाऱ्याने डेनरीवरून कॅस्ट्रीज, म्हणजे किमान दोन तास. त्यामुळे दीडच्या सुमारास, जेवण चालू असतानाच, गाईडला रस्त्याची चौकशी फोनवर करायला सांगा. तेवढ्या वेळात निघालात तर पूर्वेकडून वळसा घालूनही वेळेत पोहोचता येतं. तीन वाजता कळलं तर नाही.

सासूबाईंसाठी: डायमंड बागेतल्या वाटा बऱ्याचशा सपाट आहेत, धबधब्यापर्यंत सावलीतून चालता येतं. खनिजांमुळे कातळावर पिवळे, हिरवे, जांभळट पट्टे उमटलेले दिसतात. धबधब्याखाली पोहायला परवानगी नाही. बाजूला गरम पाण्याची स्नानगृहं आहेत, त्यांचं वेगळं शुल्क असतं. अठराव्या शतकात फ्रेंच सैनिकांसाठी इथे हौद बांधले गेले होते. गंधकाच्या झऱ्यांपाशी निरीक्षणाच्या सज्जापर्यंत गेलं तरी पुरे. चिखलस्नानाच्या कुंडांच्या पायऱ्या निसरड्या असतात, तिथे त्यांना नेऊ नका. तेत पॉल ही छोटी पायवाट गाईड आवर्जून सुचवतील. ती सुंदर आहे, तासाभरात होते, पण शेवटी दगडी पायऱ्या आहेत, त्यामुळे तुमच्यासाठी ती गाळा. गाडी कोणती येणार तेही विचारा. उंच पायरीची टूरिस्ट व्हॅन गुडघ्यांना त्रास देते. बुटकी कौटुंबिक गाडी असेल तर उत्तम, नसेल तर पाय ठेवायला स्टूल ठेवायला सांगा. तिथे वाहतूक आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालते.

प्रश्न (हडपसर): ऑनलाईन दर प्रचंड वेगवेगळे दिसतात. फसवणूक न होता ठरवायचं कसं? आधी पैसे भरावेत का?

उत्तर: दर वेगळे दिसतात कारण प्रत्येक जण वेगळी गोष्ट विकत असतो. कोणी माणशी सांगतो, कोणी गाडीचा. कोणी प्रवेश शुल्क धरून, कोणी सोडून. आणि सगळ्यात मोठा घोळ ‘डॉलर’ या शब्दाचा. बेटाचं चलन पूर्व कॅरिबियन डॉलर, म्हणजेच ईसी डॉलर. तो १९७६ पासून अमेरिकी डॉलरशी २.७० या दराने बांधलेला आहे. म्हणजे ‘शंभर डॉलर’ हे नुसते शब्द ऐकले तर रक्कम जवळजवळ तिप्पट इकडे-तिकडे होऊ शकते. प्रत्येक आकड्यापुढे ‘अमेरिकी’ की ‘ईसी’ हे लिहून घ्या.

गाडीवाल्याला एकच संदेश पाठवा आणि त्याचं उत्तर लेखी घ्या: तारीख, जहाजाचं नाव, माणसं किती आणि त्यांची वयं, दर पूर्ण गाडीचा आहे ना, गंधकाचे झरे, चिखलस्नान आणि बाग यांची शुल्कं त्यात आहेत की आम्ही दारावर भरायची, जेवण, पाणी, तासांची मर्यादा किती आणि वर लागले तर दर काय, गाडी चालवणारा आणि माहिती देणारा एकच का, कोणत्या धक्क्याबाहेर भेटणार. हा शेवटचा मुद्दा किरकोळ वाटतो, पण कॅस्ट्रीज बंदरात जहाजं दोन ठिकाणी लागतात, उत्तरेला पॉईंट सेराफिन आणि समोर गावाच्या बाजूला ला प्लास कारेनाज. जहाज कुठे लागणार हे आयत्या वेळी बदलू शकतं. गाईड एकीकडे आणि तुम्ही दुसरीकडे उभे, असं नेहमी घडतं. म्हणून त्याचा व्हॉट्सॲप नंबर हवाच, आणि जहाजाचं वायफाय धक्क्यावर चालत नाही हे धरून दोघांपैकी एकाच्या फोनवर रोमिंग हवं.

आगाऊ रक्कम थोडी मागितली तर गैर नाही. पूर्ण रक्कम मागणाऱ्याला नकार द्या. वादळामुळे जहाज बंदरात आलंच नाही तर आगाऊ रक्कम परत मिळेल, हे वाक्य लेखी हवं. हा प्रसंग दुर्मिळ नाही. गाडी आली की नंबरप्लेट बघा: परवानाधारक टॅक्सीवर टीएक्स ही अक्षरं असतात. ती नसतील तर प्रवासी विम्याचा प्रश्न उभा राहतो, बसू नका.

रोख रक्कम अमेरिकी डॉलरमध्ये, १, ५, १० आणि २० च्या नोटा. पुण्यात पैसे बदलून घेताना शंभराच्या नोटा हातात देतात. त्याच काउंटरवर सुट्ट्या मागा, कोपरा फाटलेली नोट परत करा. बेटावर सुटे पैसे ईसी डॉलरमध्येच परत मिळतात आणि ते पुण्यात कोणी घेत नाही. गाईडचं काम आवडलं तर दराच्या १० ते १५ टक्के टिप देण्याची तिथे पद्धत आहे. हॉटेलच्या बिलात १० टक्के सेवाशुल्क बहुधा आधीच धरलेलं असतं, बिल वाचून मगच वर द्या.

प्रश्न (सिंहगड रोड): चिखलस्नान खरंच करण्यासारखं आहे का? मंगळसूत्र, जोडवी काढावी लागतात का? मुलाला दमा आहे.

उत्तर: करण्यासारखं आहे, पण तयारीनिशी. सूफ्रिएर या नावातच फ्रेंच भाषेतलं गंधक आहे. गाव एका जुन्या कोसळलेल्या ज्वालामुखीच्या कढईत वसलं आहे. गाडी उकळत्या कुंडांच्या जवळपर्यंत जाते म्हणून ‘गाडीतून जाता येणारा ज्वालामुखी’ अशी त्याची जाहिरात करतात. १७६६ मध्ये इथे वाफेचा स्फोट झाला होता, लाव्हा नाही. पूर्वी पर्यटकांना कुंडांच्या अगदी काठापर्यंत नेत. वरचा थर पातळ असल्याने एक गाईड आत कोसळून भाजला, तेव्हापासून सज्जावरूनच बघायचं.

चांदी आधी. हवेत आणि पाण्यात हायड्रोजन सल्फाइड वायू असतो. तो चांदीला लागला की वर काळ्या सिल्व्हर सल्फाइडचा थर बसतो. जोडवी आणि पैंजण पाण्यात न जाताही काळपट होऊ शकतात. शुद्ध सोन्याला काही होत नाही, पण २२ कॅरटच्या दागिन्यात तांबं-चांदी असते, त्यामुळे तेही मंद पडू शकतं. एक ग्रॅम सोन्याच्या मुलाम्याचं तर नक्कीच बिघडतं. सगळं जहाजाच्या तिजोरीत ठेवून जा. चुकून जोडवी काळी झालीच, तर वाटीत ॲल्युमिनियमची फॉईल पसरून त्यावर जोडवी, एक चमचा खाण्याचा सोडा आणि वर कडकडीत पाणी घाला. पाच-दहा मिनिटांत थर फॉईलकडे जातो. खडे किंवा मोती असलेल्या दागिन्यांना मात्र हा उपाय करू नका.

कपडे गडद रंगाचे आणि जुने घ्या. राखाडी चिखलाचा डाग आणि गंधकाचा वास दोन-तीन धुण्यांत जात नाही. पद्धत अशी: आधी गरम पाण्याच्या कुंडात अंग भिजवायचं, बादलीतला चिखल हातापायांना फासायचा, उन्हात वाळू द्यायचा, मग पुन्हा कुंडात धुवायचं. डोळे, ओठ, ताजी जखम आणि त्याच दिवशी दाढी किंवा व्हॅक्सिंग केलेली त्वचा टाळा, झणझणतं. पाणी चांगलंच गरम असतं; एका वेळी दहा मिनिटं पुरे, नाहीतर बाहेर आल्यावर चक्कर येते. नंतर साधं पाणी प्या. गरोदर स्त्रिया, हृदयविकार किंवा बेभरवशाचा रक्तदाब असलेल्यांनी कुंडात उतरू नये.

मुलाच्या दम्यासाठी: गंधकाची वाफ श्वासनलिका आवळते. वारा कोणत्या बाजूने आहे ते गाईडला विचारा, इनहेलर गाडीत नव्हे तर खिशात ठेवा, आणि खोकला सुरू झाल्यास तिथे थांबूच नका. जवळच तोराय धबधबा आहे, थंड स्वच्छ पाण्याचा, कपडे बदलण्याच्या खोल्यांसह. वडील आणि मुलगा तिथे, बाकीचे चिखलात, अशी वाटणी खासगी गाडीत सहज जमते.

प्रश्न (सदाशिव पेठ): आम्ही पूर्ण शाकाहारी आहोत, अंडंही नाही. एक दिवस काय खायचं? चिवडा-लाडू न्यावेत का?

उत्तर: चिवडा बरोबर ठेवा, पण त्यावर दिवस काढायची वेळ येणार नाही. उलट कोकणात वाढलेल्या माणसाला त्या बाजारात ओळखीचे चेहरे भेटतात. ब्रेडफ्रूट म्हणजे आपला नीरफणस. निखाऱ्यावर अख्खा भाजून, सालं काढून, लोणी लावून देतात. डॅशीन म्हणजे अळकुडीचीच जात, आणि कलालू म्हणजे त्याची पानं. गोल्डन ॲपल म्हणजे अंबाड्याच्या कुळातलं फळ, त्याचं सरबत मिळतं. सॉरेल म्हणजे लाल अंबाडीच्या फुलांचं पेय, नाताळच्या सुमारास हमखास मिळणारं.

शब्दांचा धोका मात्र आहे. ‘ग्रीन फिग’ म्हणजे अंजीर नव्हे, कच्चं केळं. आणि राष्ट्रीय पक्वान्नात ते खारवलेल्या कॉड माशाबरोबर येतं. ‘कलालू सूप’ पालेभाजीचं असलं तरी त्यात खेकडा किंवा खारवलेलं डुकराचं मांस घालायची पद्धत आहे. राजमा-भात दिसतो तशा ‘राईस अँड पीज’मध्येही कधीकधी मांसाचा तुकडा चवीला टाकतात आणि वाढताना काढून घेतात. ‘व्हेजिटेरियन’ म्हटल्यावर काहींच्या मते मासा चालतो. म्हणून नुसता शब्द वापरू नका. ‘मांस नाही, कोंबडी नाही, मासा नाही, खारा मासा नाही, अंडं नाही, आणि शिजवतानाही नाही’ असं इंग्रजीत सांगा. बेटावर सगळे इंग्रजी बोलतात, आपापसात मात्र क्वेयोल ही फ्रेंच वळणाची भाषा.

सगळ्यात सोपा शब्द ‘इटल’. रास्ताफारी पंथाचे बरेच लोक मांस टाळतात, बरेचदा मीठही. त्यांच्या जेवणाला इटल म्हणतात. डाळ, भोपळा, नारळाचं दूध, कंद. सूफ्रिएर किंवा कॅस्ट्रीजच्या बाजारात असं दुकान कुठे आहे ते गाईडला आदल्या दिवशीच विचारून ठेवा, कारण जेवण संपलं की ती लवकर बंद होतात. दुसरा शब्द रोटी. १८५९ पासून या बेटावर मळ्यांत मजुरीला भारतीय माणसं आणली गेली, आणि त्यांच्यामागे रोटी राहिली: मोठी मऊ पोळी, आत रस्साभाजी, घडी घालून कागदात गुंडाळलेली. ‘छन्ना’ किंवा ‘व्हेज’ रोटी मागा, बटाटा-छोल्यांची मिळेल. तवा एकच असतो, त्यावर चिकनचीही भाजली जाते. हे चालत नसेल तर रोटी सोडून द्या.

कॅनरीजजवळची कसाव्याची भाकरी मुळात कंदाच्या पिठाची, केळीच्या पानावर मोठ्या तव्यात भाजलेली. साधी, नारळाची, दालचिनीची घ्या. खाऱ्या माशाचीही असते, त्यामुळे बोट दाखवून नव्हे, नाव सांगून घ्या. ती गरम असतानाच खायची, गार झाली की वातड होते.

प्रश्न (बाणेर): आम्ही ट्रेकर आहोत. त्याच दिवशी ग्रो पितॉं चढून बाकीचं पाहता येईल?

उत्तर: जहाजाने जात असाल तर नाही. बेटावर राहत असाल तर तो दिवस फक्त शिखराचा.

युनेस्कोने २००४ मध्ये जागतिक वारसा यादीत घेतलेल्या या दोन शिखरांची उंची ७७० आणि ७४३ मीटर. सर्वसाधारण प्रवाशाने चढायचं ते मोठं, म्हणजे ग्रो पितॉं. वाट फाँ जाँ लिब्र या गावातून सुरू होते. नावाचा अर्थ मुक्त माणसांचं खोरं, गुलामगिरीतून निसटलेल्यांच्या वंशजांचं गाव. चढाई साधारण आतकरवाडीच्या वाटेने सिंहगड चढण्याइतकी, पण सिंहगडावर ताक-भजी मिळतात तिथे इथे मोठाले दगड, मुळं आणि दमट उकाडा. जाऊन-येऊन ४ ते ५ तास. स्थानिक गाईड तिथे सक्तीचा आहे आणि तो तुमचा गाडीवाला नव्हे, त्याचं शुल्क वेगळं. सकाळी आठच्या आत चढायला लागा, माणशी दोन लिटर पाणी, पकड असलेले बूट. आदल्या रात्री पाऊस झाला असेल तर गाईड नाही म्हणेल, आणि त्याचं ऐकायचं. उतरताना घसरूनच बहुतेक जण दुखापत करून घेतात.

प्रश्न (औंध): लंडनमार्गे जावं की अमेरिकेमार्गे? पुढे त्रिनिदादला नातेवाइकांकडेही जायचं आहे.

उत्तर: मुंबईहून थेट विमान नाही. अमेरिकेत विमान बदलायचं असेल तर विमानतळाबाहेर न पडताही अमेरिकेचा व्हिसा लागतोच. तिथे ‘आतल्या आत’ ही सोय नाही. क्रूझ मायामी किंवा सान हुआनहून सुटत असेल तर परत येताना पुन्हा अमेरिकेत प्रवेश होतो, म्हणून व्हिसा अनेक प्रवेशांचा हवा.

लंडनमार्गे जाताना लोक एका गोष्टीत अडकतात. मुंबईचं विमान सहसा हीथ्रोला उतरतं आणि कॅरिबियनची बरीच विमानं गॅटविकहून सुटतात. मधलं अंतर बसने सव्वा-दीड तासाचं, सामान घेऊन, ब्रिटनमध्ये रीतसर प्रवेश करून. त्यासाठी आतल्या आत बदलण्याचा ट्रान्झिट व्हिसा चालत नाही. तिकीट काढण्याआधी दोन्ही विमानतळांची नावं वाचा. सेंट लुशियाचे स्वतःचे प्रवेशनियम तिथल्या सरकारी संकेतस्थळावर तिकिटाच्या आठवड्यात तपासा, ते बदलत असतात.

त्रिनिदादमुळे मात्र तुमचं एक काम वाढलं. भारत सरकारच्या यादीत त्रिनिदाद पीतज्वराच्या भागात मोडतो. तिथून निघून सहा दिवसांच्या आत भारतात उतरलात आणि लसीचं प्रमाणपत्र नसेल, तर मुंबई विमानतळावरून घरी नव्हे, विलगीकरणात. उलट दिशेनेही, त्रिनिदादहून सेंट लुशियाला येताना हे प्रमाणपत्र मागू शकतात. लस फक्त सरकारमान्य केंद्रावर मिळते, तिथे ठरावीक वारी नाव नोंदवावं लागतं, आणि प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होतं. एकदा घेतलं की आयुष्यभर चालतं. साठीच्या पुढच्यांनी आणि अंड्याची ॲलर्जी असलेल्यांनी आधी डॉक्टरांशी बोलावं.

प्रश्न (कर्वेनगर): मुलांच्या सुट्ट्या बघून जायचं. दिवाळी बरी की मे?

उत्तर: मे. चक्रीवादळांचा अधिकृत हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर, त्यातही ऑगस्ट ते ऑक्टोबर सर्वात धोक्याचे. दिवाळीची सुट्टी नेमकी शेपटात सापडते. २०१० मध्ये टोमास वादळ या बेटावर ऑक्टोबरच्या अखेरीसच आलं होतं, आणि त्या वेळी दरडींनी रस्ते तोडले होते. जानेवारी ते एप्रिल कोरडे आणि महाग. मे महिना दरांनाही बरा. मे-जूनमध्ये पूर्व किनाऱ्यावर सर्गॅसम हे समुद्री शेवाळ ढिगांनी येऊन कुजतं, पण दिवसभराच्या सहलीचा पश्चिम किनारा त्यातून बराचसा वाचतो.

मुलांच्या कपड्यांत लष्करी ठिपक्यांची चड्डी किंवा टोपी असेल तर घरीच ठेवा. सेंट लुशियात सैनिकी छापाचे कपडे नागरिकांनी घालणं कायद्याने बंद आहे, लहान मुलांनीही. बेटावर राहणार असाल तर चार्जरसाठी ब्रिटनसारखी तीन चौकोनी पिनांची जोडणी लागेल.

प्रश्न (धायरी): २०२४ च्या विश्वचषकात रोहित शर्माने ऑस्ट्रेलियाविरुद्ध ९२ धावा केल्या ते मैदान बघायचंय. आणि दोन पितॉंच्या मधला तो पांढरा किनारा. दोन्ही एका दिवसात?

उत्तर: दोन्ही दोन टोकांना आहेत. मैदान उत्तरेला, ग्रॉस आयलेटला. तिथले लोक नाव ‘ग्रोझिले’ असं काहीसं उच्चारतात, गाडीवाल्याला सांगताना गोंधळू नका. २४ जून २०२४ चा तो सामना डॅरेन सॅमी मैदानावर झाला. सुरेश रैनाने २०१० च्या टी-ट्वेंटी विश्वचषकात दक्षिण आफ्रिकेविरुद्ध केलेलं शतकही याच मैदानावरचं, तेव्हा त्याचं नाव बोसेजूर होतं. सामना नसेल तर आत सोडणं तिथल्या पहारेकऱ्यावर अवलंबून, त्यामुळे त्यासाठी अर्ध्या तासाहून जास्त धरू नका. जवळच पिजन आयलंड आहे: एकेकाळी सुटं बेट, १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला भराव टाकून जोडलेलं, वर अठराव्या शतकातला इंग्रजांचा किल्ला. किल्ल्यावरून फ्रेंचांच्या मार्टिनिकवर नजर ठेवत, आणि स्वच्छ दिवशी ते बेट आजही दिसतं. मैदान, किल्ला आणि पायथ्याचा समुद्र मिळून चांगला अर्धा दिवस होतो, आणि कॅस्ट्रीजहून हा रस्ता अर्ध्या तासाचा, वळणांशिवाय.

पांढरा किनारा म्हणजे शुगर बीच. तिथली मूळ वाळू काळसर ज्वालामुखीची. पांढरी बाहेरून आणून टाकलेली आहे. हॉटेल कितीही मोठं असलं तरी सेंट लुशियात समुद्रकिनारा सार्वजनिक असतो, तुम्हाला जाता येतं. खुर्ची आणि छत्रीचे मात्र पैसे, आणि तेही कमी नाहीत. उताराच्या रस्त्याने जाण्यापेक्षा सूफ्रिएरच्या धक्क्यावरून वॉटर टॅक्सी घ्या, समुद्रातून दोन्ही शिखरं पायथ्यापासून दिसतात. भाडं जाऊन-येऊन ठरवा आणि अर्धे पैसे परत आणून सोडल्यावरच द्या.

आणि किनाऱ्यावर सावली शोधताना एक झाड ओळखून ठेवा: मँचिनील. हिरवं लहान सफरचंदासारखं फळ, चकचकीत पानं. फळ विषारी आहे आणि चिकाने कातडी भाजते. पाऊस आला की लोक झाडाखाली धावतात. या झाडाखाली धावलं तर पानांवरून ठिबकणारं पाणीच अंगावर फोड आणतं. कुठेकुठे खोडावर लाल पट्टा रंगवलेला असतो, सगळीकडे नसतो. मुलांना उतरवण्याआधी गाईडला झाड दाखवायला सांगा. चीक लागलाच तर चोळू नका. भरपूर साबण-पाण्याने धुवा, आणि डोळ्यात गेला असेल तर धूत-धूतच थेट दवाखाना गाठा.